भांडणं परवडायला हवीत

एक आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी 'तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती' वगैरे म्हणायला नको. मी 'फॅब्युलस लाइव्हज ऑफ बॉलिवूड वाइव्हज' पाहिलेली आहे. तिन्ही सीझन. पहिला २०२० च्या नोव्हेंबरात आला, दुसरा २०२२ मध्ये आणि तिसरा २०२४ च्या ऑक्टोबरात, दिल्लीच्या तीन बायका आणून 'मुंबई विरुद्ध दिल्ली' करून. आणि हे मी चोरून, रात्री सगळे झोपल्यावर पाहिलेलं नाही. भाचीनं तिचा मोबाईल आमच्या टीव्हीला जोडून दिला आणि आम्ही चार बायकांनी बाभुळगावात, आमच्या पुढच्या खोलीत बसून, मुरमुऱ्याचा चिवडा खात पाहिलेलं आहे.

हे फोनवर बोलता बोलता पुण्याच्या वन्संना सांगितलं तर पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाल्या, "अगं, तू वाचणारी बाई! त्या रिकामटेकड्या बायकांची भांडणं काय बघतेस?" आमच्या ह्यांचंही साधारण तेच मत. फक्त ते हे मत जाहिरात लागली की देतात. एरवी ते ज्या बातम्यांच्या चॅनेलवर सहा चौकोनांतून सहा माणसं एकाच वेळी ओरडत असतात, ते पाहण्यात गर्क असतात. त्याला 'चर्चा' म्हणतात. असो.

तर हा 'रिकामटेकड्या बायकांची भांडणं' नावाचा जो शिक्का आहे ना, त्याबद्दल मला बोलायचं आहे. कारण तो शिक्का एकाच वेळी पडद्यावरच्या आणि पडद्यासमोरच्या अशा दोन्ही बायकांवर बसतो. आणि माझं मत असं झालंय की पडद्यावरच्या बायकांच्या बाबतीत लोकांना जे खटकतं ते त्यांचं भांडण नाहीच. त्यांना ते उघड करता येतं, हे खटकतं.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. करण जोहरच्या कंपनीनं नेटफ्लिक्ससाठी केलेला हा कार्यक्रम. चार मैत्रिणी : महीप कपूर, नीलम कोठारी, भावना पांडे आणि सीमा. त्या जेवायला जातात, पार्ट्या करतात, फिरायला जातात, तिथे कुणीतरी कुणाबद्दल काहीतरी बोललेलं दुसऱ्या कुणालातरी कळतं, मग फुगणं, मग 'आपण बोलायला हवं', मग बोलणं, मग रडणं, मग गळ्यात पडणं. संपला भाग. हा साचा मूळचा अमेरिकेतला. तिकडे २००६ मध्ये 'द रिअल हाउसवाइव्हज ऑफ ऑरेंज काउंटी' सुरू झालं आणि मग प्रत्येक मोठ्या शहराची एकेक आवृत्ती निघत गेली. न्यू जर्सीच्या एका बाईनं, टेरेसा जुडिचे तिचं नाव, २००९ मध्ये भर जेवणात टेबल उलथवलं. त्यावर तिकडे अजून बोललं जातं. (पुढे आर्थिक फसवणुकीच्या खटल्यात २०१५ साली ती जवळजवळ वर्षभर तुरुंगात होती. तोवर पाहणाऱ्यांनी तिच्या घराचं संगमरवर पाहून किती उसासे टाकले असतील देव जाणे.)

आमच्या खोलीतली गंमत वेगळीच होती. शेजारच्या काकूंना, म्हणजे ज्यांना साठी उलटून बरीच वर्षं झाली त्यांना, या चौघींपैकी एकच बाई माहीत. नीलम. 'खुदगर्ज'मधली. बाकीच्या तिघींची ओळख करून द्यायची तर ती नवऱ्यांवरूनच द्यावी लागली. ही चंकी पांडेची, 'आँखें'मधला तो. ही संजय कपूरची, माधुरीबरोबर 'राजा'त होता तो. ही सलमानच्या भावाची, सोहेलची. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे आपल्यासारखंच हाय वं. अमक्याची सून, ढमक्याची बायको."

कार्यक्रमाच्या नावातच 'वाइव्हज' आहे, आणि गावात मी तीस वर्षं 'मास्तरांची बायको' आहे. हे साम्य माझ्या आधी काकूंच्या लक्षात आलं हे इथे नमूद करते.

आता प्रेक्षकांच्या मतांकडे येऊ. मला कार्यक्रमापेक्षा हीच जास्त चघळायला आवडतात. पाहणारा प्रत्येक माणूस सुरुवातीला एक वाक्य म्हणतोच : "हे सगळं आधी ठरवून केलेलं असतं." मग दहा मिनिटांनी तोच माणूस म्हणतो, "ती बाई मुळातच आगाऊ आहे." अहो, ठरवलेलं असेल तर ती आगाऊ कशी? ठरवणारा आगाऊ! तासन् तासांच्या चित्रणातून चाळीस मिनिटं काढतात, कुणाचं कुठलं वाक्य कुणाच्या कुठल्या चेहऱ्याला चिकटवायचं हे संकलनाच्या टेबलावर ठरतं, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी निकाल मात्र बाईवर. ज्यानं कात्री चालवली त्याचं नाव कुणी श्रेयनामावलीतसुद्धा वाचत नाही.

मराठीत याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०२४ चं 'बिग बॉस मराठी'. हा काही श्रीमंत बायकांचा कार्यक्रम नव्हे, पण त्या वर्षी आमच्याकडे घराघरात जे पाहिलं गेलं ते बायकांचंच भांडण होतं. पहिल्याच आठवड्यात वर्षा उसगांवकर आणि निक्की तांबोळी यांची जुंपली. एक 'गंमत जंमत'पासून ओळखीची, आमच्या पिढीची नायिका. दुसरी संभाजीनगरची, हिंदी 'बिग बॉस' करून आलेली, तिखट जिभेची. बस्स! महाराष्ट्राचे दोन तुकडे. आमच्या खोलीत तर रेषाच आखली गेली. काकू, मी आणि आमच्या जाऊबाई वर्षाताईंकडून. भाची निक्कीकडून. भाचीचं म्हणणं, खेळायला आलीय तर खेळणार, मोठं म्हणून गप्प का बसायचं? आणि काकूंचं म्हणणं, मोठ्या माणसाशी असं बोलतात का?

थोडा वेळ ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की इथे 'बिग बॉस' चाललेलंच नाही. इथे सासू आणि सून चालली आहे. भाचीचं लग्न व्हायचं होतं, तिला तेव्हाच ठरवून टाकायचं होतं की उलट उत्तर देता येतं. काकूंनी सगळी हयात उलट उत्तर न देता काढलेली. आता ते देता येतं असं ठरलं तर आपण इतकी वर्षं काय केलं, असा प्रश्न उभा राहतो. मग वर्षाताईंची बाजू एवढ्या जिवावर येऊन का लढवली जाणार नाही?

आणि शनिवारी काय व्हायचं? रितेश देशमुख यायचा. 'भाऊचा धक्का'. भाऊ येऊन कुणाला फटकारणार आणि कुणाची पाठ थोपटणार, याची आमच्या घरात आठवडाभर वाट. पहिल्याच धक्क्याला निक्कीला सुनावलं तेव्हा काकूंनी टाळी वाजवली. त्याआधी चार सीझन महेश मांजरेकर होते. हिंदीत सलमान. अमेरिकेत प्रत्येक सीझनच्या शेवटी सगळ्या बायकांना सोफ्यावर बसवून अँडी कोहेन नावाचे गृहस्थ उलटतपासणी घेतात. भांडायचं बायकांनी आणि निवाडा करायला भाऊ. आपल्या राज्यात २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आहे, गावोगाव समित्या आहेत. टीव्हीवाल्यांनी तीच मोहीम चांगल्या कपड्यांत केली, इतकंच.

यावरून आठवलं. साध्या बायकांसाठी टीव्हीनं काय केलं? 'होम मिनिस्टर' केलं. २००४ मध्ये सुरू झालं आणि कित्येक वर्षं रोज संध्याकाळी आदेश बांदेकर कुणाच्या तरी घरी जायचे. भावोजी! (इकडे भाऊ, तिकडे भावोजी. नात्याशिवाय आपल्याला टीव्हीवरचा पुरुषही घरात घेववत नाही.) उखाणे, खेळ, नवऱ्याचं लाजणं आणि शेवटी पैठणी. २०२२ मध्ये तर 'महामिनिस्टर' करून अकरा लाखांची पैठणी ठेवली होती. मी त्या कार्यक्रमाची चेष्टा अजिबात करणार नाही. ज्या बाईला तिच्या घरात कुणी 'जेवलीस का' विचारलं नव्हतं, तिला सगळ्या राज्यासमोर तिचं नाव विचारलं गेलं. आमच्याकडच्या बायका ते पाहताना डोळे पुसायच्या, मीही पुसलेत.

पण त्या सगळ्या वर्षांत, एकदा तरी, एखादी वहिनी म्हणाली का, "भावोजी, माझं आणि माझ्या जाऊबाईंचं बोलणं बंद आहे"? सासूबाई शेजारीच बसलेल्या, जाऊबाई मागे उभ्या, सगळी आळी खिडकीत. ती म्हणणार, "सासूबाई मला आईसारख्या आहेत." दुसरं म्हणणार काय? कॅमेरा गेल्यावर त्याच घरात राहायचंय तिला.

इथेच मला त्या शिक्क्यातली खोट दिसते. साध्या बाईला टीव्हीवर गोड बोलण्याबद्दल पैठणी मिळते. श्रीमंत बाईला टीव्हीवर भांडण्याबद्दल मानधन मिळतं. भांडण दोघींच्याही आयुष्यात आहे. एकीला ते दाखवणं परवडतं.

परवडणं म्हणजे काय, हे आमच्याकडे फार ठोक अर्थानं कळतं. बचत गट तुम्हाला माहीत असतीलच. दहा ते वीस बायका, दर महिन्याला ठरलेली बचत, त्यातूनच आपसांत कर्ज, आणि गट नीट चालला की बँकेचं कर्ज. खात्यातून पैसे काढायला पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. आमच्या ओळखीच्या एका गटात अध्यक्ष आणि सचिव या सख्ख्या जावा. गट सुरू झाला तेव्हा चांगलं होतं. मग एका संक्रांतीला धाकटीनं हळदीकुंकू केलं. बाकी घरांत स्वतः जाऊन कुंकू लावून बोलावणं केलं आणि थोरलीला पोराच्या हाती निरोप धाडला. "आईनं बोलावलं." एवढंच.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? मंडळी, 'बॉलिवूड वाइव्हज'मध्ये यापेक्षा काय वेगळं असतं सांगा बरं. पार्टीचं निमंत्रण कुणाला गेलं, कुणाला उशिरा गेलं, कुणी स्वतः फोन केला आणि कुणी सेक्रेटरीकरवी कळवलं. हिऱ्यांच्या जागी तिळगूळ ठेवा आणि शॅम्पेनच्या जागी वाण. बोलावणं म्हणजे मान, आणि मान कुणाला किती हे सगळ्यांना कळावं म्हणूनच तर समारंभ. बायकांच्या हातात दुसरी कुठली सत्ता होती? शेताचा व्यवहार त्यांचा नाही, लग्नाची बोलणी त्यांची नाहीत. बोलावणं तेवढं त्यांचं. ते त्या जपून वापरणार, आणि कधी कधी शस्त्र म्हणून वापरणारच.

तर थोरली गेली नाही. बोलणं बंद झालं. ते सात वर्षं बंद होतं. एक भिंत मधे, दोन दारं, एका घरची पोरं दुसऱ्या घरी जेवायची, पण दोघी बोलत नव्हत्या. गटाच्या बैठकीला दोघी यायच्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि एकमेकींशी बोलायचं तर तिसरीला सांगून बोलायच्या. "तिले सांग, रजिस्टर दे म्हणा." तिले तिथेच, चार हातांवर बसलेली असायची.

एका वर्षी मृगाच्या तोंडावर पेच झाला. बँकेनं कर्ज मंजूर केलेलं, पैसे खात्यात आलेले, बियाण्यासाठी सगळ्याजणी थांबलेल्या. आमच्याकडे कापूस आणि सोयाबीन. पाऊस एकदा नीट पडला की पेरणीला दिवस मोजके, नाहीतर दुकानदाराकडून उधारीवर बियाणं घ्यायचं आणि ती उधारी त्याच्या दरानं फेडायची. धाकटीची सही झाली. थोरली म्हणाली, तिच्या सहीच्या खाली माझी सही होणार नाही. बारा घरांचं बियाणं एका सहीपाशी अडलं. आठ दिवस. शेवटी काकू गेल्या, थोरलीला काय बोलल्या ते आजतागायत कुणाला सांगितलं नाही त्यांनी, पण थोरली निघाली. दोघी दोन वेगळ्या ऑटोनं बँकेत गेल्या, सह्या केल्या आणि दोन वेगळ्या ऑटोनं परत आल्या. त्या आठ दिवसांत ज्या दोघीतिघींनी वाट न पाहता उधारी केली, त्यांनी वर्षभर ती फेडली.

हे आमच्याकडचं भांडण. त्याचा खर्च निघतो, आणि तो भांडणाऱ्या दोघींपेक्षा तिसऱ्यांच्याच अंगावर पडतो. म्हणूनच आमच्याकडे बायका भांडत नाहीत, बोलणं बंद करतात. बंद बोलण्याला आवाज नसतो आणि बाहेरच्यांना वाटतं गावात काय एकोपा आहे!

दुसऱ्या सीझनमध्ये चौघींचं कशावरून तरी वाजलं आणि पुढच्या प्रसंगात त्या एकाच टेबलावर बसून खात होत्या, तेव्हा आमच्या जाऊबाई म्हणाल्या ते मला फार लागलं. "यायचं बरं हाय. भांडतेत अन् परत जेवाले बसतेत. आपलं एकदा तुटलं का तुटलं."

भाची लगेच म्हणाली, मामी, त्यांना निर्माता बसवतो, कराराच असतो तसा. खरंय. त्यांना एकमेकींना टाळता येत नाही, सहलीची तिकिटं आधीच काढलेली असतात. पण करारानं का होईना, परत एका टेबलावर येण्याची सोय त्यांना कुणीतरी करून दिली आहे, आणि भांडण झाल्यावर ते शब्दांत सांगायची वेळ त्यांच्यावर येते. "मला तेव्हा वाईट वाटलं, कारण तू असं म्हणालीस." हे वाक्य मी माझ्या आयुष्यात किती जणींच्या तोंडून ऐकलंय? मोजून सांगता येईल. त्या थोरल्या जावेनं सात वर्षांत एकदाही ते म्हटलं नाही. 'तू स्वतः बोलवायला आली नाहीस म्हणून मला वाईट वाटलं.' इतकं एक वाक्य. ते तिला बोलायला शिकवलंच नव्हतं कुणी.

बरं, पडद्यावरच्या बायकांनाही सगळं फुकट मिळत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये महीप कपूरनं कॅमेऱ्यासमोर सांगितलं की लग्नाच्या सुरुवातीच्या काळात नवऱ्याचं पाऊल घसरलं होतं आणि ती तान्ह्या मुलीला घेऊन घराबाहेर पडली होती. मग परत आली. आज ती त्या निर्णयाबद्दल समाधानी आहे, असंही म्हणाली. यावर लोकांची मतं काय? एक गट : घरचं असं चव्हाट्यावर आणायचं का? दुसरा गट : परत का गेली, पैशासाठीच ना! म्हणजे बाहेर पडली तरी चूक, परतली तरी चूक, बोलली तर महाचूक. नवऱ्याबद्दल दोन्ही गटांचं काही विशेष मत नव्हतं.

आमच्या खोलीत मात्र त्या प्रसंगाला कुणीच काही बोललं नाही. चिवड्याचा आवाजसुद्धा थांबला होता. भाचीनं विचारलं, काय झालं? काकू म्हणाल्या, "काही नाई. लावून दे पुढचं."

आता चौथ्या बाईबद्दल. आमच्या चौघींतली चौथी. ती आमच्या मागच्या आळीतली, नवरा जाऊन बारा वर्षं झाली. तिचं गावात कुणाशी भांडण नाही. सगळे म्हणतात, किती शांत बाई. अहो, भांडणार कशावरून? तिला बोलावणंच नसतं! हळदीकुंकू नाही, ओटी नाही, वाण नाही. ज्या खेळात तुम्हाला घेतलेलंच नाही त्यात तुम्ही रुसणार कशा? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनंही इतर गावांना तसं करायला सांगितलं. आमच्याकडेही तेव्हा बोलणं झालं, सगळ्यांनी 'चांगलं आहे, व्हायला हवं' म्हटलं. पुढल्या संक्रांतीला तिला बोलावणाऱ्या घरांची संख्या मी इथे लिहीत नाही. नातेवाईक वाचतात.

सीमा आणि सोहेल खान यांच्या घटस्फोटाची बातमी २०२२ मध्येच आली. दुसऱ्या सीझनमध्ये ती घराच्या दारावरची पाटी बदलते. 'खान' काढून स्वतःचं आणि दोन मुलांचं नाव लावते. थोरल्या मुलाला ते फारसं पटत नाही, त्याच्या मते ते सगळे खानच. या पाटीवर आमच्याकडे जेवढी चर्चा झाली तेवढी ग्रामसभेतही होत नाही. जाऊबाईंचं म्हणणं, पोराच्या बापाचं नाव काढायचा तिला काय हक्क? भाचीचं म्हणणं, घर तिचं, दार तिचं. काकू म्हणाल्या, पोराला विचारून तरी करायचं. मी म्हटलं, सरकारनंच आता नियम केलाय, १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकरांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी. (ही चर्चा पुन्हा पुन्हा निघायची, आणि हे मी तिसऱ्या सीझनच्या वेळी म्हटलं, हे सांगते, नाहीतर कुणीतरी वर्षं जुळवत बसेल.) आमच्या जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या काळात लक्ष्मीमुक्तीच्या सभा व्हायच्या, शरद जोशी सांगायचे की जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा. तेव्हा माना डोलावणारे पुष्कळ होते, तलाठ्याकडे जाणारे त्यापेक्षा कमी.

ही आमची चौथी एवढा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माह्यं नाव सातबाऱ्यावर तवा लागलं जवा हे गेले. त्याच्या आधी कुठंच नव्हतं." आणि थोडं थांबून, "तिनं जित्या नवऱ्याच्या दारावर लावलं. लावू दे."

त्यावर जाऊबाईसुद्धा काही बोलल्या नाहीत.

वन्सं, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हाला आता विचारते. तुम्ही 'रिकामटेकड्या' म्हणालात, त्या नेमक्या कोण? ज्या सकाळी कापूस वेचून, संध्याकाळी भाकऱ्या करून, नऊ वाजता येऊन बसतात त्या? की नीलमसारखी दागिन्यांचा व्यवसाय चालवणारी? श्रीमंतीचा थाट मलाही खुपतो, खोटं कशाला बोलू. एका पार्टीच्या फुलांच्या खर्चात आमच्या गटाचं वर्षाचं कर्ज फिटेल, हे मी पाहताना मनात मांडतेच. तिसऱ्या सीझनमधल्या दिल्लीच्या शालिनी पासींचे कपडे पाहून तर काकूंनी विचारलं होतं, हे धुतात कसं? पण त्याच शालिनीबाई आमच्या खोलीत सगळ्यांच्या लाडक्या झाल्या, आणि देशभरातल्या प्रेक्षकांचंही तेच झालं. कुणी कितीही उचकवलं तरी ती बाई हसून भलतंच काहीतरी बोलायची, तिसरीच्या पाठीमागे बोलणं शक्यतो टाळायची. भाचीला त्यात शहाणपण दिसलं. मला थोडी शंका आहे. ज्या बाईला कुणाचीच सही लागत नाही, तिला शांत राहणं सोपं जात असेल.

त्या दोघी जावांचं पुढे काय झालं असं कुणी विचारेलच. बोलतात आता. थोरलीच्या मुलीच्या लग्नात धाकटी स्वतःहून चुलीपाशी जाऊन बसली, कुणी बोलावलं नव्हतं. पुरणाचा अंदाज चुकत होता म्हणे. तिनं विचारलं, "गूळ किती टाकला?" थोरलीनं सांगितलं. सात वर्षांनंतरचं पहिलं वाक्य ते. त्या निरोपाबद्दल दोघींनी अजूनही काही म्हटलेलं नाही, आणि गटात सही करताना थोरली अजूनही कागद उलटासुलटा करून वरची जागा शोधते.

चौथा सीझन आला तर कळवा. चिवडा यावेळी चौथीकडे आहे. तिनंच स्वतः दारोदार येऊन बोलावणं केलंय.